पुण्यातला व्यावसायिक फुटबॉल आणि अनिकेत जाधवची पहिली वर्षे

पुणे शहराच्या पश्चिमेला मुठा नदीच्या काठी वसलेले वारजे १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आले. त्याआधी ते शेतीचे गाव होते. देहू रोड–कात्रज बाह्यवळण रस्ता गावाला लागून गेला आणि मुंबई–बेंगळुरू महामार्गाची सारी वाहतूक वारज्याच्या पुलावरून वाहू लागली. याच महामार्गाने उत्तरेला दहा-बारा किलोमीटर गेले की बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागते. दक्षिणेला सातारा, कऱ्हाड करत तोच रस्ता कोल्हापूरला पोहोचतो. वारज्यातून तिसरा रस्ता फुटतो तो शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे मार्गे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे. पश्चिम महाराष्ट्रातल्या फुटबॉलची बरीचशी ठिकाणे या तीन दिशांना विखुरलेली आहेत. कोल्हापूरच्या पेठांमध्ये खेळाडू तयार होतात, बालेवाडीत त्यांना शिस्तीचे शिक्षण मिळते आणि पुण्याच्या क्लबांनी काही काळ त्यांना पगारही दिला.

तरुण व्यावसायिक फुटबॉलपटूची सुरुवातीची कारकीर्द म्हणजे साधारण बाराव्या ते बाविसाव्या वर्षापर्यंतचा काळ. गल्लीतला खेळ सुटतो, निवासी शिक्षण सुरू होते, वयोगटाच्या संघात निवड होते, पहिला करार होतो आणि पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये पदार्पण घडते. या प्रत्येक टप्प्यावर खेळाडूच्या पायातल्या कसबाइतकेच महत्त्व त्याला सांभाळणाऱ्या संस्थेला असते. पुण्याचा गेल्या शंभर वर्षांचा फुटबॉल पाहिला तर गुणी मुलांची वाण कधी पडलेली दिसत नाही. टिकाऊ संस्थांची वाण मात्र वारंवार पडली. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची पहिली वर्षे हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

पलटणींचा खेळ

पश्चिम भारतात फुटबॉल आला तो ब्रिटिश पलटणींबरोबर. सिमल्याला १८८८ मध्ये ड्युरंड चषक सुरू झाला आणि मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता. पुढची चार दशके आणि अधिक काळ हा चषक लष्करी संघांकडेच फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा प्रथमच भारतीय मुलकी संघाचे नाव त्यावर कोरले गेले. पुणे आणि खडकी ही लष्कराची मोठी ठाणी असल्याने फुटबॉल इथेही लवकर रुजला. लष्कराचा कॅम्प, घोरपडी आणि खडकी या भागांत कवायतीच्या मैदानांवर पलटणींचे सामने होत. दारूगोळा कारखाना आणि रेल्वे यांच्या वसाहतींतली मुले ते पाहत, आणि त्यांतूनच स्थानिक संघ उभे राहिले. पेठांमध्ये क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब यांना जी जागा होती, ती फुटबॉलला मिळाली नाही. पुण्यातला फुटबॉल बराच काळ कॅम्प, खडकी, घोरपडी आणि पुढे पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातच राहिला.

स्वातंत्र्यानंतरही लष्कराचा वारसा टिकला. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून पूर्णपणे कार्यरत झाली. तिथे प्रत्येक छात्राला मैदानी खेळ सक्तीचे असतात आणि त्यांत फुटबॉलचाही समावेश आहे. मात्र लष्करातला खेळाडू आधी सैनिक असतो, मग फुटबॉलपटू. त्याची बदली होते, पलटण हलते, आणि त्याच्याबरोबर खेळही दुसऱ्या गावी जातो. म्हणून लष्कराने शहराला फुटबॉलची आवड आणि मैदाने दिली. शहराचा स्वतःचा संघ दिला नाही.

नोकरीवरचा खेळाडू

१९५० ते १९९० या काळात महाराष्ट्रात फुटबॉलवर घर चालवायचे तर त्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे खेळाच्या कोट्यातली नोकरी. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, कॅल्टेक्स, महिंद्र अँड महिंद्र, एअर इंडिया, पश्चिम आणि मध्य रेल्वे अशा आस्थापनांचे संघ होते. सकाळी सराव, दुपारी कार्यालयात हजेरी आणि संध्याकाळी कूपरेजवर सामना, असा या खेळाडूंचा दिवस असे. पुण्यात रेल्वे, पोलीस, केंद्र सरकारची खाती आणि संरक्षण उत्पादनाचे कारखाने ही नोकरीची ठिकाणे होती. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये अशा आस्थापनांचे संघ आणि हौशी क्लब एकमेकांविरुद्ध खेळत. शिवाजीनगरचे श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलचे मैदान आणि एम्प्रेस गार्डनजवळचे ढोबरवाडी मैदान ही या लीगची परिचित ठिकाणे.

या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. दुखापत झाली किंवा वय झाले तरी नोकरी राहत असे. निवृत्तिवेतन मिळे, लग्न जमताना अडचण येत नसे आणि आईवडील मुलाला खेळू देत. तिचा दोषही तितकाच मोठा होता. नोकरी पक्की झाली की सरावाची धार जाई, आणि आस्थापनेचे धोरण बदलले की संघ एका आदेशात बंद होई. कापडगिरण्या बंद पडल्या तसे त्यांचे संघही संपले. १९६२ पासूनच्या महिंद्रच्या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. तोच संघ २०१० मध्ये बरखास्त करण्यात आला. खेळाडू चांगला असूनही त्याच्या पायाखालची संस्था नाहीशी होण्याचा हा प्रकार पुण्यात पुढे आणखी वेगाने घडणार होता.

१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. क्लबला खेळाडूशी लेखी करार करणे, त्याची राष्ट्रीय महासंघाकडे नोंदणी करणे आणि ठरलेल्या काळात ठरलेला मोबदला देणे ही पद्धत या लीगमुळे देशभर पसरली. नोकरीवरच्या खेळाडूच्या जागी आता करारावरचा खेळाडू आला.

कोल्हापूरच्या तालमी

पुण्याच्या क्लबांना महाराष्ट्रातून जे खेळाडू मिळाले त्यांत कोल्हापूरकरांचा वाटा मोठा आहे. कोल्हापूर संस्थानात राजघराण्याच्या आश्रयाने फुटबॉल वाढला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली आणि पेठापेठांतल्या संघांना एका छत्राखाली खेळण्याची सोय झाली. देशात इतरत्र सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे इथले अनेक संघ तालमींचे आहेत. ज्या तालमीत मल्ल लाल मातीत कसरत करतात, तिच्याच नावाने पोरे फुटबॉल खेळतात. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोल्हापुरात घराघरांत ठाऊक आहेत.

हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्या पेठांप्रमाणे वाटल्या जातात. कोणत्या बाजूला कोणत्या तालमीचे समर्थक बसणार हे वर्षानुवर्षे ठरलेले असते. हलगी वाजते, झेंडे फडकतात, आणि मैदानात उतरणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या नावाने हाक मारणारे हजारो लोक असतात. त्यांतले कित्येक त्याला लहानपणापासून ओळखतात. मोठ्या संघांतली चुरस कधी हातघाईवर येते आणि पोलीस बंदोबस्त लागतो. पण याच वातावरणात वाढलेल्या मुलाला पुढे कोणत्याही मोठ्या मैदानावर गर्दीची भीती वाटत नाही. लीग संपली की बादफेरीच्या स्पर्धा सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात.

तालमीच्या संघाने खेळाडूला प्रतिष्ठा दिली, बक्षिसाची रक्कम दिली, कधी पेठेतल्या कुणा व्यावसायिकाकडे काम मिळवून दिले. तिला जे जमले नाही ते म्हणजे वयानुसार आखलेले प्रशिक्षण, आहारावर लक्ष, दुखापतीवर शास्त्रीय उपचार आणि राष्ट्रीय निवडकर्त्यांसमोर सातत्याने खेळण्याची संधी. त्यासाठी कोल्हापूरच्या मुलाला महामार्गाने पुण्याला यावे लागले.

बालेवाडी आणि क्रीडा प्रबोधिनी

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य सरकारने बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभारले. २००८ मध्ये इथेच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्या निमित्ताने संकुलात मोठ्या सुधारणा करण्यात आल्या. संकुलातले मुख्य मैदान पुढे पुण्याच्या जवळपास प्रत्येक व्यावसायिक फुटबॉल संघाचे घरचे मैदान ठरले. २०२२ च्या सुरुवातीला महिलांच्या आशियाई चषकाचे सामनेही इथे झाले.

याच संकुलात राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. शाळकरी वयातल्या मुलामुलींची शारीरिक चाचण्यांतून निवड करायची, त्यांना एका खेळासाठी वसतिगृहात ठेवायचे, जवळच्या शाळेत शिकवायचे आणि प्रशिक्षण, आहार, साहित्य यांचा खर्च सरकारने करायचा, अशी ही योजना. गुणी मूल ओळखायचे तर त्याच्या बापाच्या खिशाकडे पाहायचे नाही, हे तिचे मूळ तत्त्व. खासगी अकादमीची फी परवडणार नाही अशा कुटुंबातल्या मुलासाठी ही योजना म्हणजे राज्यात उपलब्ध असलेला सर्वांत भक्कम जिना आहे. घर सोडणे, वसतिगृहाच्या वेळा पाळणे, पहाटे आणि संध्याकाळी अशा दोन सत्रांत सराव करणे आणि मधल्या वेळेत शाळा सांभाळणे, ही व्यावसायिक आयुष्याची पहिली तालीम इथेच होते.

पुण्याच्या क्लबांची बारा वर्षे

२००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे फुटबॉल क्लबची स्थापना केली. महाराष्ट्रात मुंबईबाहेर इतक्या गांभीर्याने उभा राहिलेला हा पहिला व्यावसायिक संघ. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० च्या हंगामात तो आय-लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा या काळात प्रशिक्षक होते. २०१२-१३ मध्ये संघ चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ उपविजेता ठरला, आणि पुढच्या वर्षी आशियाई स्तरावरच्या एएफसी चषकात खेळला. जपानमध्ये जन्मलेला आणि भारतीय नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळलेला अराता इझुमी याच संघात नावारूपाला आला.

क्लबने आणखी एक मोलाचे काम केले, ते म्हणजे निवासी अकादमी. देहू रोडजवळच्या मामुर्डीत मुले राहत, शिकत आणि खेळत. क्लबच्या युवा संघाने देशातल्या युवा लीगमध्ये विजेतेपदे मिळवली. कोल्हापूरचा निखिल कदम या अकादमीतून पुढे आला आणि नंतर मोहन बागानसारख्या मातब्बर संघाकडून खेळला. केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियनही किशोरवयात इथे आला. पुढे तो स्पेनच्या व्हियारियाल क्लबच्या ‘क’ संघात काही काळ राहिला आणि २०१९ च्या आशियाई चषकात भारताच्या वरिष्ठ संघात खेळला.

याच काळात पुण्यात आणखी क्लब आले. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये उतरला आणि तळाला राहून एकाच हंगामात बंद झाला. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने लोणी काळभोरला निवासी अकादमी चालवली. मिझोरमचा लालियनझुआला छांगटे, जो पुढे भारताचा प्रमुख खेळाडू झाला, तिथेच घडला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी हा संघ त्यात होता. २०१७-१८ मध्ये तो प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला.

वर्षांची ओळ लावली तर चित्र स्पष्ट होते. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसीही त्याच वर्षी संपला. डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ च्या हंगामानंतर आय-लीगमधून बाहेर पडला आणि मूळ उद्योगसमूह आर्थिक अडचणीत आल्यावर अकादमीही थांबली. पुणे एफसीची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली होती, पण २०१९ मध्ये तो संघही विसर्जित झाला आणि लीगमधली त्याची जागा नव्या हैदराबाद एफसीला मिळाली. २००७ ते २०१९ या बारा वर्षांत पुण्याने चार व्यावसायिक क्लब पाहिले आणि चारही गमावले.

कारणे समजण्यासारखी आहेत. भारतात क्लबला तिकीटविक्रीतून फारसे उत्पन्न मिळत नाही. प्रक्षेपणाच्या हक्कांचे पैसे मर्यादित असतात. मैदान सरकारी असल्याने ते भाड्याने घ्यावे लागते. खर्चाचा मोठा भाग मालक समूह उचलतो, म्हणून त्या समूहाचे धोरण किंवा आर्थिक स्थिती बदलली की क्लब डगमगतो. २०१४ नंतर दोन राष्ट्रीय लीग एकाच वेळी अस्तित्वात आल्याने आय-लीगच्या क्लबांचे प्रायोजक आणि प्रेक्षक आणखी कमी झाले. कोल्हापूरच्या तालमीला असे होत नाही, कारण तिची मालकी पेठेची असते. पुण्याच्या क्लबांना अशी पेठ मिळण्याइतका वेळच मिळाला नाही.

अनिकेत जाधव : कोल्हापूर ते दिल्ली

अनिकेत जाधवचा जन्म १३ जुलै २००० चा, कोल्हापूरचा. वडील रिक्षाचालक. शाळकरी वयात त्याची निवड बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली आणि तो पुण्यात आला. पुणे एफसीच्या युवा व्यवस्थेतही त्याने शिक्षण घेतले. आघाडीवर किंवा बगलेवर खेळणारा, वेगवान आणि गोलरक्षकावर थेट चाल करून जाणारा खेळाडू अशी त्याची ओळख तयार झाली.

त्याच्या वयाला एक ऐतिहासिक योग जुळून आला. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार असल्याने यजमान या नात्याने भारताला थेट प्रवेश होता. १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलेच पात्र होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या वयाच्या मुलांचा देशभर शोध घेतला, निवडलेल्यांना एकत्र ठेवले आणि परदेशांत सामने खेळवले. २०१५ पासून जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम आणि मार्च २०१७ पासून पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस हे प्रशिक्षक होते. विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने शाळाशाळांत फुटबॉल खेळवण्याची ‘मिशन वन मिलियन’ ही मोहीम घेतली आणि राज्यभर लाखो मुलांच्या पायाला चेंडू लागला.

एकवीस जणांच्या अंतिम संघात अनिकेत होता. मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही त्याच संघात होता. एक मुलगा कोल्हापूरच्या पेठेतून सरकारी वसतिगृहामार्गे आला होता, दुसरा परदेशातल्या शाळा-क्लबांच्या रचनेतून. भारताचे तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. ६ ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध ०-३, ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध १-२ आणि १२ ऑक्टोबरला घानाविरुद्ध ०-४ असे पराभव पदरी आले. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल ठरला. निकाल प्रतिकूल असले तरी या मुलांनी ज्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांना तोंड दिले, तो दर्जा देशातल्या वरिष्ठ खेळाडूंच्याही वाट्याला क्वचितच येतो.

पहिला करार, पहिले गोल

विश्वचषक संपल्यावर या मुलांचे काय करायचे हा प्रश्न होता. क्लबांत ती गेली असती तर बहुतेकांच्या वाट्याला राखीव बाकच आला असता, कारण लीगमधले आक्रमणाचे स्थान बहुधा परदेशी खेळाडूंकडे असते. म्हणून महासंघाने आपला युवा संघ ‘इंडियन अ‍ॅरोज’ या नावाने पुन्हा उभा केला आणि थेट आय-लीगमध्ये उतरवला. २०१० मध्ये सुरू झालेला हा प्रयोग २०१३ मध्ये थांबला होता. नव्या संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता आणि बहुतेक मुले विश्वचषकाच्या संघातली होती.

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यातल्या बांबोळी मैदानावर अ‍ॅरोजचा पहिला सामना चेन्नई सिटीशी झाला. समोर अनुभवी व्यावसायिक होते आणि या बाजूला सतरा-अठराचे वय. अ‍ॅरोजने हा सामना ३-० असा जिंकला. त्यांतले दोन गोल अनिकेतचे होते आणि तिसरा बोरिस सिंगचा. वरिष्ठ लीगच्या पहिल्याच सामन्यात दोन गोल करणाऱ्या कोल्हापूरच्या या मुलाचे नाव त्या दिवशी देशभरच्या क्रीडापानांवर झळकले. हंगामाअखेर संघ तक्त्याच्या तळाला राहिला. पण या संघाचे यश गुणांत मोजायचे नव्हतेच. आठवड्यामागून आठवडा पूर्ण ताकदीच्या प्रौढ खेळाडूंविरुद्ध नव्वद मिनिटे धावायला मिळणे हीच त्याची कमाई होती. पुढे भारताच्या वरिष्ठ संघात स्थिरावलेले अनेक खेळाडू याच संघातून आले.

२०१९ मध्ये अनिकेत काही महिने इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबच्या युवा विभागात सरावासाठी गेला. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. परत आल्यावर त्याने जमशेदपूर एफसीशी करार केला. अ‍ॅरोजमधले त्याचे सोबती अमरजित सिंग आणि जितेंद्र सिंगही तिथे आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये जमशेदपूरने आपल्या मैदानावर हैदराबाद एफसीला ३-१ असे हरवले आणि त्यात एक गोल अनिकेतचा होता. समोरचा संघ एफसी पुणे सिटीच्या जागी लीगमध्ये आलेला, आणि त्याचा एकमेव गोल करणारा मार्सेलिन्हो हाही आधी पुण्याकडूनच खेळलेला.

२०२१ मध्ये अनिकेत त्याच हैदराबाद एफसीकडे गेला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातल्या फातोर्डा मैदानावर हैदराबादने केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ३-१ असे नमवून लीगचे विजेतेपद मिळवले. त्याच महिन्यात बहरीन आणि बेलारूसविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी भारताच्या वरिष्ठ संघात अनिकेतची निवड झाली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. सुरुवातीच्या कारकिर्दीचा टप्पा इथे पूर्ण होतो. महाराष्ट्रात घडलेल्या या खेळाडूच्या वरिष्ठ स्तरावरच्या या पहिल्या वर्षांत महाराष्ट्रातला एकही क्लब त्याच्या वाट्याला आला नाही.

कराराचे नियम आणि घडवणाऱ्यांचा हक्क

तरुण खेळाडूच्या कराराला फिफाच्या नियमांची चौकट असते. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही. अल्पवयीन खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर, काही ठरावीक अपवाद वगळता, बंदी आहे. त्यामुळे भारतीय मुलाला परदेशी क्लबशी करार करायचा तर बहुधा अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते.

खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांसाठी दोन तरतुदी आहेत. पहिली प्रशिक्षण भरपाईची. खेळाडू व्यावसायिक म्हणून प्रथम नोंदला जातो तेव्हा, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत तो क्लब बदलतो तेव्हा, त्याला घडवणाऱ्या क्लबांना ठरावीक रक्कम देय होते. दुसरी तरतूद एकजूट निधीची. करार चालू असताना खेळाडूचे हस्तांतर झाले आणि त्यासाठी शुल्क दिले गेले, तर त्या शुल्काचे पाच टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. या दोन्हींसाठी त्या त्या वर्षाची खेळाडूची नोंदणी राष्ट्रीय महासंघाकडे असावी लागते. क्लब बंद पडला असेल तर त्याचा वाटा काही अटींवर राष्ट्रीय महासंघाकडे जातो.

या नियमांचा पुण्याच्या संदर्भात अर्थ गंभीर आहे. तालीम मंडळाने मुलाची रीतसर नोंदणी केली नसेल तर कागदोपत्री तिने त्याला घडवलेच नाही असे ठरते. अकादमी चालवणारा क्लबच उरला नाही, तर त्याच्या मैदानावर तयार झालेल्या खेळाडूच्या यशातून पुढच्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा परत येण्याची वाटही बंद होते. युरोपातले कितीतरी छोटे क्लब या रकमांवर आपली मैदाने आणि प्रशिक्षक सांभाळतात. पुण्याला ही साखळी कधी पूर्णच करता आली नाही.

आजचे पुणे

२०१९ नंतर इंडियन सुपर लीगमध्ये पुण्याचा संघ नाही. जिल्हा संघटनेची लीग मात्र अनेक श्रेणींत चालू आहे आणि शाळांच्या स्पर्धांना संघांची कमतरता नाही. वारजे, कर्वेनगर, बावधन, बाणेर अशा उपनगरांत तासावर भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळीची छोटी मैदाने झाली आहेत, त्यांना सगळे नुसते ‘टर्फ’ म्हणतात. खासगी प्रशिक्षणवर्ग तिथे संध्याकाळी भरतात. जाळीने वेढलेल्या या जागेत पाच-सहा जणांचा खेळ चांगला होतो. चेंडूवर ताबा आणि झटपट पास शिकायला तो उपयोगीही आहे. पण अकरा जणांच्या खेळातली लांब धाव, मोकळी जागा हेरणे आणि संघाची मांडणी सांभाळणे हे पूर्ण मापाच्या मैदानाशिवाय येत नाही. वारज्यासारख्या गावांची शेते गेली तिथे इमारती आल्या, आणि शहराच्या वाढीत पूर्ण मापाची मैदाने त्या प्रमाणात राखली गेली नाहीत.

फीचा प्रश्नही आहेच. खासगी वर्ग, बूट, प्रवास आणि स्पर्धाशुल्क यांचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंब काही वर्षे सोसते आणि दहावी आली की मुलाला खेळातून काढते. रिक्षाचालकाच्या मुलाला तो पहिल्या दिवसापासून परवडत नाही. म्हणून क्रीडा प्रबोधिनीसारखी सरकारी व्यवस्था आजही अपरिहार्य आहे. अनिकेतच्या कारकिर्दीतल्या संस्थांचा हिशेब मांडला तर हेच दिसते. ज्या क्लबच्या युवा व्यवस्थेत तो शिकला तो बंद पडला. अ‍ॅरोजचा प्रयोगही २०२२ मध्ये थांबवण्यात आला. कोल्हापूरच्या तालमी आणि बालेवाडीची प्रबोधिनी तेवढ्या टिकल्या. एकीला पेठेचा आधार आहे, दुसरीला राज्याच्या तिजोरीचा.

यातून पुढच्या व्यवस्थेसाठी तीन गोष्टी निघतात. तालमींनी आणि स्थानिक क्लबांनी आपल्या लहान खेळाडूंची राष्ट्रीय महासंघाकडे नियमित नोंदणी ठेवणे. प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला प्रौढांच्या लीगमध्ये सतत खेळता येईल असा किमान एक संघ राज्यात कायम असणे. आणि त्या संघाची मालकी एकाच उद्योगसमूहावर न ठेवता सभासद, समर्थक आणि स्थानिक संस्था यांच्यात वाटलेली असणे. कोल्हापूरने यांतली तिसरी गोष्ट ऐंशीहून अधिक वर्षे करून दाखवली आहे. पहिल्या दोन पुण्याने केल्या, तर बालेवाडीत घडलेल्या मुलाला आपली पहिली व्यावसायिक वर्षे महाराष्ट्रातच खेळता येतील.